एल्मर कीथ आणि .४४ स्पेशल: गोळी, दारू आणि प्राइमर यांच्या निवडीचे एक प्रकरण

रिव्हॉल्व्हरची काडतुसे स्वतः भरणाऱ्या माणसापुढे दारू कोणती, प्राइमर (दारूला पेट देणारी, कवचाच्या बुडाशी बसणारी छोटी टोपी) कोणता आणि गोळी कोणती असे तीन प्रश्न असतात, आणि नवखा माणूस ते बहुतेक वेळा याच क्रमाने सोडवायला बसतो. दारूच्या डब्यावरचे नाव त्याने कुठेतरी ऐकलेले असते, त्यामुळे सुरुवात तिथून होते. अमेरिकेतील एल्मर कीथ यांनी १९२० ते १९५५ या काळात .४४ स्पेशल या काडतुसावर जे काम केले, ते बारकाईने पाहिले तर हा क्रम उलटा असायला हवा असे लक्षात येते: आधी हत्याराची ताकद, मग गोळी, मग पितळी कवच, त्यानंतर दारू आणि सर्वांत शेवटी प्राइमर. हे प्रकरण अमेरिकेतले आहे आणि तिथल्या परिस्थितीतच समजून घ्यायला हवे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, तर अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी ती भरणे हा शतकाहून जुना छंद आहे.

हत्यार आणि काडतूस

कीथ यांचा जन्म १८९९ चा, मिसुरी राज्यातला. वाढले मोंटानात आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आयडाहोत गुराखी, शिकारी, वाटाड्या आणि लेखक म्हणून काढला. त्यांच्या लिखाणात बढाईचा सूर आहे, आणि तो ज्याला सोसवत नाही त्याने त्यांचे लेख न वाचलेलेच बरे. मात्र हत्यार हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. बिथरलेले जनावर किंवा पाय मोडलेला घोडा समोर असताना कमरेचे रिव्हॉल्व्हर पुरे पडते की नाही, हा त्यांच्यासाठी चर्चेचा विषय नव्हता.

त्या काळी बाजारात मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची गत साधारण होती. स्मिथ अँड वेसन कंपनीने .४४ स्पेशल काढले तेव्हा ते .४४ रशियन या जुन्या काडतुसाचे लांबवलेले रूप होते, रशियनचे कवच .९७ इंच लांब होते, स्पेशलचे १.१६ इंच. लांबी वाढली, पण कारखान्याने ताकद फारशी वाढवली नाही. २४६ ग्रेन (एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५ ग्रेन) वजनाची, गोल नाकाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ७५५ फूट वेगाने बाहेर पडे. हे काडतूस अचूक होते आणि मारा सौम्य होता. कवचात मोकळी जागा भरपूर होती, आणि त्या रिकाम्या जागेचे काय करायचे या प्रश्नातूनच हे सगळे प्रकरण उभे राहिले.

१९२५ चा अपघात

कीथ यांची सुरुवात मात्र .४४ ने झाली नाही. त्यांच्याकडे कोल्ट कंपनीचे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर होते, .४५ कोल्ट काडतुसाचे. त्यात ते काळी दारू भरत आणि पुढे नेहमीच्या गोळीऐवजी .४५-९० या रायफलसाठी ओतलेली सुमारे ३०० ग्रेनची गोळी बसवत. १९२५ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हवेत बार काढताना ते रिव्हॉल्व्हर फुटले. सिलिंडरचा, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या नळकांड्याचा, वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. कीथ बचावले, आणि ही हकिगत त्यांनी नेमबाजांच्या एका नियतकालिकाला कळवली.

काळी दारू बिनधोक, कवच काठोकाठ भरले तरी हत्याराला काही होत नाही, हा समज त्या काळी सर्रास होता आणि आजही तो पूर्णपणे गेलेला नाही. तो अर्धाच खरा आहे. काळ्या दारूचा दाब तिच्या दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो. दाणा जितका बारीक, तितके जळणारे पृष्ठफळ जास्त आणि तितका दाब लवकर चढतो. कीथ यांनी ती दारू बारीक केलेली होती. वर गोळी नेहमीपेक्षा जड, म्हणजे जागची हलायला अधिक वेळ घेणारी. दाब लवकर चढत होता आणि त्याला वाट देणारी गोळी उशिरा हलत होती. दोन्ही बदल एकेकटे कदाचित निभावून गेले असते. काडतूस भरताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम आज प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात छापलेला असतो, आणि त्याला आधार देणारे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

भिंतीची जाडी

अपघातानंतर कीथ .४४ स्पेशलकडे वळले, ते पोलादाच्या हिशेबामुळे. कोल्ट सिंगल ॲक्शनचा सिलिंडर बाहेरून तेवढाच राहतो, मग त्यात .४५ ची भोके पाडा की .४४ ची. .४५ कोल्टच्या कवचाचा व्यास .४८० इंच, .४४ स्पेशलचा .४५७ इंच. म्हणजे भोक .०२३ इंचाने लहान होते आणि प्रत्येक बाजूला भिंत एका इंचाच्या शंभराव्या भागाहून थोडी अधिक जाड मिळते. कागदावर हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण सहा गोळ्यांच्या या सिलिंडरमध्ये प्रत्येक चेंबरच्या, म्हणजे काडतुसाच्या भोकाच्या, नेमक्या पाठीवर, सिलिंडर जागेवर अडकवणारी खाच कोरलेली असते, आणि त्या खाचेच्या तळाशी उरलेले पोलाद मुळातच कागदासारखे पातळ असते. तिथे शंभरावा भाग म्हणजे बरेच काही.

दाबाची मर्यादा ठरवते ती भिंत, हे कीथ यांना अपघाताने शिकवले. दारूची निवड या मर्यादेच्या आतच करायची असते, म्हणून हत्याराचा विचार आधी. आज .४५ कोल्टसाठी छापील पुस्तिकांमध्ये दोन वेगळे तक्ते आढळतात, एक जुन्या आणि हलक्या हत्यारांसाठी, दुसरा आधुनिक भक्कम हत्यारांसाठी, आणि दुसऱ्या तक्त्यातले काडतूस पहिल्या हत्यारातही सहज बसते. बसते म्हणून चालते असे नाही.

गोळी

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा गोळीत आहे, आणि कीथ यांचे जे काम टिकले तेही हेच. लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची दारूची मापे. गोळीची रचना मात्र इतकी सर्वत्र झाली की तिच्यामागचा विचार कोणी विचारात घेत नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आखलेल्या गोळीचा साचा लायमन कंपनीने ४२९४२१ या क्रमांकाने काढला. पहिले तीन आकडे व्यासाचे, कारण .४४ म्हणवल्या जाणाऱ्या या गोळीचा खरा व्यास .४२९ इंच आहे. गोळी सुमारे २५० ग्रेनची. नाक सपाट, त्यामागे काटकोनी खांदा, म्हणजे पूर्ण व्यासाचा पहिला पट्टा, जो कवचाच्या बाहेर राहतो, मग तिरपी खाच, जिच्यात कवचाचे तोंड दाबून बसवायचे (यालाच क्रिंप म्हणतात), मग दुसरा पट्टा, वंगणासाठी एक खोल चौकोनी खाच आणि शेवटी तिसरा पट्टा. तळ सपाट.

यातली एकही रेघ शोभेची नाही. पहिला पट्टा कवचाबाहेर असल्यामुळे काडतूस चेंबरमध्ये गेले की गोळी चेंबरच्या तोंडाशी सरळ रेषेत धरली जाते आणि नळीतल्या आट्यांमध्ये वाकडी शिरत नाही. चौकोनी खाचेत गोल खाचेपेक्षा अधिक वंगण मावते, त्यामुळे वाढलेल्या वेगाला नळीच्या टोकापर्यंत वंगण पुरते. पुढे साच्यातून गोळी सहज सुटावी म्हणून ही खाच गोलाकार करण्यात आली आणि कीथ त्याबद्दल शेवटपर्यंत नाराज होते. सोय कारखान्याची होती, किंमत नळी मोजणार होती. सपाट नाक आणि काटकोनी खांदा यांमुळे लक्ष्यावर स्वच्छ, पूर्ण व्यासाचे भोक पडते. गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारून निघून जाते आणि मागे लहान जखम ठेवते, ही शिकाऱ्यांची जुनी तक्रार होती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र नाकाच्या लांबीत दडलेली आहे. गोळीचे बरेचसे वजन कवचाबाहेर राहत असल्याने आत दारूसाठी जागा जास्त उरते. काडतुसाच्या एकूण लांबीवर सिलिंडरच्या लांबीची मर्यादा असते, आणि कीथ यांनी ती मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली. त्याच वजनाची दुसरी गोळी, जिची क्रिंपची खाच नाकाच्या जवळ आहे, ती कवचात खोल जाते. जागा कमी झाली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो, आणि रिव्हॉल्व्हरच्या लहान कवचात तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे ‘२५० ग्रेनची गोळी’ एवढेच सांगून दारूचे माप विचारणे निरर्थक आहे. कोणती गोळी, कुठे क्रिंप केलेली, हे ठाऊक नसेल तर प्रश्नच पूर्ण झालेला नाही.

धातूचा प्रश्नही गोळीबरोबरच येतो. कीथ सोळा भाग शिशाला एक भाग कथील वापरत. कथिलामुळे ओतीव धातू साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि गोळीच्या कडा धारदार येतात, तसेच शिसे थोडे कठीण होते. नवख्यांना वाटते, गोळी जितकी कठीण तितकी नळी स्वच्छ. तसे होत नाही. सपाट तळाची गोळी दाबाने किंचित फुगून नळीत गच्च बसायला हवी. कमी दाबाच्या काडतुसात फार कठीण गोळी फुगत नाही, तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो आणि जाता जाता शिशाची पुटे नळीला चिकटवत जातो. उलट बाजूने पाहायचे तर १९३५ साली .३५७ मॅग्नम बाजारात आले तेव्हा त्याच्या कारखानी गोळ्या त्या वेगासाठी मऊ होत्या आणि नळीत शिसे बसण्याच्या तक्रारी भरपूर झाल्या. कठीणपणाची निवड दाबाशी जुळवावी लागते, आणि व्यास चेंबरच्या तोंडाशी. व्यास चुकला तर कितीही उत्तम मिश्रधातू उपयोगाचा नाही.

दारू आणि कवच

गोळी ठरल्यावर दारूचा प्रश्न सोपा होत नाही, पण तो नेमका होतो. जड गोळी, मोकळी जागा, मर्यादित दाब, आणि वेग मात्र वाढवायचा. बुल्सआयसारखी जलद जळणारी दारू इथे उपयोगी नाही. तिचा दाब गोळी जेमतेम हलते न हलते तोच शिखर गाठतो आणि मग कोसळतो. शिखराला मर्यादा घातली तर गोळीमागे ढकलणारा जोर फार थोडा काळ मिळतो. संथ जळणाऱ्या दारूचा दाब तेवढ्याच शिखरावर जाऊन नळीभर टिकून राहतो, म्हणून त्याच शिखरदाबात अधिक वेग मिळतो. याचा मोबदला धक्क्यात आणि नळीच्या तोंडाशी उठणाऱ्या ज्वाळेत द्यावा लागतो, विशेषतः आखूड नळीत, जिथे दारूचा काही भाग बाहेर जाऊन जळतो.

कीथ यांनी आधी ड्यू पाँटची ८० क्रमांकाची दारू वापरली. १९३० च्या दशकात हर्क्युलिस कंपनीची २४०० ही दारू आली, जी मुळात .२२ हॉर्नेटसारख्या लहान रायफल काडतुसासाठी होती, आणि त्यांना हवी ती चीज सापडली. ४२९४२१ ची गोळी आणि २४०० दारू या जोडीने .४४ स्पेशलचा वेग सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास गेला. गोळीची ऊर्जा कारखानी काडतुसाच्या सुमारे ३१० फूट-पौंडांवरून ८०० फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे अडीचपटींहून वर गेली.

त्यांचे माप इथे मुद्दाम दिलेले नाही. ते जुन्या पुस्तकांत छापलेले आहे, अनेकांना पाठ आहे आणि नेमके तेच धोक्याचे आहे. कीथ यांच्या काळातली पितळी कवचे ‘बलून हेड’ प्रकारची होती: बुडाशी प्राइमरची वाटी आत उंचावलेली, तिच्याभोवती खोलगट कडे, आणि त्या कड्यातही दारू मावायची. नंतरच्या कवचांचे बूड भरीव झाले. कवच मजबूत झाले, पण आतली जागा कमी झाली. जुने माप नव्या कवचात ओतले की दाब वाढतो, आणि स्वतः कीथ यांनाही भरीव कवचांसाठी माप कमी करावे लागले. पुढे दारू बनवणारी कंपनी बदलली, दारूच्या घडणीत बारीक फरक पडत गेले आणि हल्लीच्या पुस्तिकांमध्ये २४०० ची कमाल मापे जुन्यापेक्षा कमी छापलेली आढळतात. काडतुसावरचे नाव तेच राहिले तरी आतला हिशेब तोच राहिला नाही.

जाता जाता उलट टोकाची अडचणही सांगायला हवी. ज्याला निशाणेबाजीसाठी सौम्य काडतूस हवे आहे, तो जलद दारू थोडीशी भरतो. ती कवचाच्या तळाशी इतकी कमी जागा व्यापते की चुकून दुसऱ्यांदा भरली गेली तरी कवच ओसंडत नाही. या छंदातले बरेच अपघात अशा दुहेरी भरणीतून होतात. कवचे लाकडी ठोकळ्यात उभी करून, गोळी बसवण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात प्रत्येकात डोकावून पाहायचे, ही सवय म्हणूनच कोणत्याही यंत्रापेक्षा भरवशाची. मोठी जागा व्यापणारी दारू निवडली तर दुसरी भरणी कवचाबाहेर सांडते आणि चूक स्वतःच ओरडून सांगते.

दाब कळतो कसा

कीथ यांच्या कामाचा कच्चा दुवा इथे आहे. त्यांच्याकडे दाब मोजण्याचे साधन नव्हते. प्राइमर किती चपटा झाला, रिकामी कवचे सिलिंडरमधून सहज निघतात की अडकतात, धक्का कसा लागतो, यावरून ते अंदाज बांधत. रायफलच्या काडतुसात या खुणा काही अंशी उपयोगी पडतात, कारण तिथले हत्यार पितळ हार मानेल त्या दाबापर्यंत टिकते. रिव्हॉल्व्हरमध्ये गणित उलटे आहे. .४४ स्पेशलची आज मान्य असलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला १५,५०० पौंड आहे. प्राइमर ठळकपणे चपटा होतो तो याच्या कितीतरी वर, म्हणजे खूण दिसेपर्यंत सिलिंडरने मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. कीथ यांची काडतुसे मोठ्या चौकटीच्या स्मिथ अँड वेसन आणि कोल्टमध्ये निभावली, कारण त्या हत्यारांत राखीव ताकद होती. आज त्याच .४४ स्पेशलसाठी पाच गोळ्यांची, खिशात मावणारी हलकी रिव्हॉल्व्हरही मिळतात, आणि कवचाला त्यातला फरक कळत नाही.

प्राइमर

प्राइमरबद्दल थोडक्यात सांगता येते. २४०० ही दारू सहज पेटते, तिला साधा मोठा पिस्तूल प्राइमर पुरतो. तिथे मॅग्नम, म्हणजे अधिक जोरकस ज्वाळेचा, प्राइमर लावला तर विनाकारण दाब वाढतो. याउलट विंचेस्टर २९६ किंवा हॉजडन एच-११० यांसारख्या गोलाकार दाण्यांच्या दारूवर ज्वलन मंदावणारा लेप असतो. तिला मॅग्नम प्राइमर, घट्ट क्रिंप आणि जवळजवळ भरलेले कवच लागते, आणि तिचे माप छापील किमानाखाली उतरवू नये असे उत्पादकच बजावतात. अर्धवट पेटलेली दारू गोळी नळीत अडकवून ठेवू शकते.

२०२० नंतरची दोनेक वर्षे अमेरिकेत प्राइमरचा मोठा तुटवडा होता आणि हाताला लागेल तो वापरण्याचा मोह अनेकांना झाला. मोठा रायफल प्राइमर आणि मोठा पिस्तूल प्राइमर यांचा व्यास सारखाच असतो, पण रायफलचा अधिक उंच असतो. तो पिस्तुलाच्या कवचात पूर्ण बसत नाही, बुडाबाहेर डोकावतो, आणि सिलिंडर फिरताना मागच्या पोलादाला घासतो किंवा सिलिंडर अडकून बसतो. बसवलेल्या प्रत्येक प्राइमरवरून बोटाचे टोक फिरवायचे. तो बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आतच लागला पाहिजे.

क्रिंपचा उल्लेखही इथेच करतो. एक बार उडाला की धक्क्याने हत्यार मागे येते, आणि उरलेल्या काडतुसांतल्या जड गोळ्या आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहतात, म्हणजे कवचातून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की रिव्हॉल्व्हर कुलूपबंद. शिवाय संथ दारूला नीट पेट घेण्यासाठी गोळीने क्षणभर अडून राहणे गरजेचे असते. ४२९४२१ वरची ती तिरपी खाच दोन्ही कामे करते.

१९५५ आणि त्यापुढे

कीथ वर्षानुवर्षे कारखान्यांकडे एकच मागणी लावून धरत होते: त्यांचे भारी काडतूस तयार स्वरूपात विकावे. कारखान्यांची अडचण खरी होती. असे काडतूस .४४ स्पेशलच्या नावाने बाजारात आले असते, तर ते एखाद्या जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये जाणारच होते. अखेर स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून तोडगा काढला. कवच इंचाच्या एक अष्टमांशाने वाढवून १.२८५ इंच केले, म्हणजे ते स्पेशलच्या चेंबरमध्ये जाऊच शकणार नाही, आणि दाबाची मर्यादा स्पेशलच्या दुपटीहून वर नेली. आज ती चौरस इंचाला ३६,००० पौंड आहे. डिसेंबर १९५५ च्या अखेरीस पहिले रिव्हॉल्व्हर तयार झाले आणि १९५६ मध्ये .४४ मॅग्नम जाहीर झाले. कीथ यांना सेकंदाला १२०० फूट हवे होते; रेमिंग्टनने २४० ग्रेनच्या गोळीला १४०० फुटांहून अधिक दिले.

वेगाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कारखानी गोळी मात्र त्यांना पसंत पडली नाही, कारण तिचे शिसे त्यांच्या मते मऊ होते. नवे रिव्हॉल्व्हर हाती आल्यावर त्यांनी लांब कवचे घेतली, २४०० चे नवे माप बसवले आणि पुढे तीच १९२० च्या दशकातली, सोळाला एक मिश्रणाची, स्वतः ओतलेली ४२९४२१ लावली.